चाळीस वर्षांचे विमान कोणी का घ्यावे? वेगवान एकइंजिनी विमानाच्या खरेदीचे गणित

अमेरिकेतील वापरलेल्या विमानांच्या जाहिराती पहिल्यांदा वाचणारा माणूस चक्रावून जातो. १९८५ साली बनलेले, एकाच इंजिनाचे, सहा आसनांचे बीचक्राफ्ट बोनान्झा विक्रीला असते आणि त्याची किंमत दोन-अडीच लाख डॉलर किंवा त्याहूनही अधिक असते. एवढ्या वयाची मोटार आपण भंगारात काढतो. मग विमानाला ही किंमत कशी मिळते, आणि ज्यात बायकोमुलांना घेऊन ढगांच्या वर जायचे ते यंत्र इतके जुने असावे का, असा प्रश्न साहजिकच पडतो. तिकडे स्थायिक झालेल्या आणि हौसेने वैमानिकाचा परवाना मिळवलेल्या मराठी मंडळींपुढे तो काही वर्षांनी हमखास उभा राहतो. सेस्ना १७२ वर शिकून झालेले असते, शंभर-दोनशे तास उड्डाण झालेले असते आणि आता अधिक दूर, अधिक वेगाने जावेसे वाटू लागते.

जुनी विमाने इतकी का आहेत?

१९७८ साली अमेरिकी कारखान्यांतून १७,८११ लहान विमाने बाहेर पडली. १९९४ साली हाच आकडा ९२८ वर आला होता. मंदी आणि महाग कर्जे ही त्याची कारणे होतीच, परंतु मोठे कारण कायद्याचे होते. तीस वर्षांपूर्वी विकलेल्या विमानाला अपघात झाला तरी कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा होऊ शकत असे आणि त्या विम्याचा बोजा प्रत्येक नव्या विमानाच्या किमतीवर चढत असे. सेस्ना कंपनीने १९८६ साली पिस्टन इंजिनाची विमाने बनवणेच थांबवले. १९९४ च्या कायद्याने उत्पादकाच्या जबाबदारीला अठरा वर्षांची मर्यादा घातली आणि त्यानंतर सेस्नाने उत्पादन पुन्हा सुरू केले; पण मधल्या काळात विमानांची एक अख्खी पिढी जन्मालाच आली नव्हती. त्यामुळे आजही बाजारात साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतील विमानेच मोठ्या संख्येने दिसतात. नव्या बोनान्झाची किंमत दहा लाख डॉलरांच्या पुढे गेली, म्हणून जुन्याला मागणी टिकून आहे.

विमानाचे वय आणि मोटारीचे वय यांची तुलना होत नाही, याचे कारण विमानाची प्रत्येक दुरुस्ती लेखी नोंदवावी लागते आणि दर बारा महिन्यांनी अधिकृत तंत्रज्ञाने ते उघडून तपासल्याशिवाय ते कायद्याने उडवता येत नाही. जुन्या वाड्याची एकेक तुळई बदलत जावी आणि प्रत्येक बदलाची तारीख वहीत लिहून ठेवावी, तसे हे असते. वाड्याचे वय शंभर वर्षे असले तरी छप्पर कोणत्या सालचे आहे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

‘हाय परफॉर्मन्स’ म्हणजे नेमके काय?

अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाची, म्हणजे एफएएची, व्याख्या अगदी साधी आहे: ज्या विमानाच्या इंजिनाची ताकद २०० अश्वशक्तीहून अधिक आहे ते हाय परफॉर्मन्स. ‘कॉम्प्लेक्स’ ही दुसरी वर्गवारी वेगळी आहे. त्यात चाके आत ओढली जाणे, पंखांच्या मागच्या झडपा म्हणजे फ्लॅप असणे आणि प्रोपेलरच्या पात्यांचा कोन उडताना बदलता येणे या तिन्ही गोष्टी लागतात. मूनी एम२०जे या विमानाची ताकद बरोबर २०० अश्वशक्ती असल्याने ते कॉम्प्लेक्स आहे पण हाय परफॉर्मन्स नाही. सेस्ना १८२ चे इंजिन २३० अश्वशक्तीचे असते, परंतु त्याच्या नेहमीच्या आवृत्तीत चाके खाली पक्की असतात, म्हणून तेथे उलटे घडते. बोनान्झा दोन्ही वर्गांत मोडते. दोन्हींसाठी वेगळी परीक्षा नसते. प्रशिक्षकाकडे शिकून त्याची लेखी संमती वहीत घ्यावी लागते.

पात्यांचा कोन बदलणे हे घाटात मोटारीचा गिअर बदलण्यासारखे आहे. वर चढताना पाती हवेचा लहान घास घेतात व इंजिन भरभर फिरते. सरळ उड्डाणात मोठा घास घेतात व इंजिन निवांत चालते.

तीनशे मैलांचा हिशोब

नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल. सेस्ना १७२ साधारण ११५ नॉट, म्हणजे ताशी २१३ किलोमीटर वेगाने जाते. १९८४ नंतरचे बोनान्झा ए३६ १७० नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी ३१५ किलोमीटर वेगाने जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे निव्वळ इंजिन मोठे करून हा वेग गाठायचा तर १७२ ला तिप्पट ताकद लागली असती. प्रत्यक्षात १६० ऐवजी ३०० अश्वशक्तीवर काम भागते, कारण बोनान्झाची चाके पोटात जातात आणि तिचा आकार हवेतून निसटून जाणारा आहे. हे निसटणे लक्षात ठेवावे. तिचा सर्वांत मोठा गुण तो आहे आणि सर्वांत मोठा धोकाही त्यातच आहे.

सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हे अंतर सरळ रेषेत जवळजवळ ३०० नॉटिकल मैल भरते. वारा नसताना १७२ ला २ तास ३७ मिनिटे आणि बोनान्झाला १ तास ४६ मिनिटे लागतील. १७२ तासाला साडेआठ गॅलन आणि बोनान्झा साडेचौदा गॅलन पेट्रोल पिते असे धरले, तर या प्रवासाला अनुक्रमे २२ आणि २६ गॅलन लागतात. तासाचा आकडा पाहून छाती दडपते, परंतु मैलाचा आकडा फारसा वेगळा नाही. मात्र नेहमीचा प्रवास शंभर मैलांचाच असेल, तर वाचतात ती अवघी सतरा मिनिटे. तेवढी तर विमान हँगरमधून बाहेर ओढण्यात जातात. म्हणून मागील दोन वर्षांत आपण कुठे, कितीदा आणि किती माणसांसह उडालो याची यादी आधी काढावी आणि तिच्याकडे पाहून विमान निवडावे. वर्षातून एकदा करायच्या दूरच्या सहलीसाठी विमान घेणे म्हणजे दिवाळीच्या चार दिवसांतील पाहुण्यांसाठी दहा खोल्यांचे घर बांधणे आहे.

आसने सहा, पण माणसे किती?

येथे बहुतेक नवे खरेदीदार चुकतात. विमान स्वतःच्या वजनावर जेवढे अधिक उचलू शकते त्याला ‘यूसफुल लोड’ म्हणतात आणि त्यात माणसे, सामान व पेट्रोल सगळे येते. एखाद्या ए३६ चा हा आकडा ५०० किलो आहे असे समजू. टाक्या भरल्या की २८० लिटर पेट्रोलचे २०० किलो त्यातून गेले. उरलेल्या ३०० किलोंत तीन प्रौढ माणसे आणि त्यांच्या पिशव्या बसतात. सहा जण न्यायचे तर पेट्रोल कमी भरावे लागते, म्हणजे मध्ये उतरावे लागते आणि वाचवलेला वेळ तेथे खर्ची पडतो.

वजन कुठे आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. बोनान्झाच्या टाक्या पंखांच्या पुढच्या कडेला असल्याने पेट्रोल जळत जाते तसा तोल मागे सरकतो. निघताना मर्यादेत असलेले विमान उतरताना मर्यादेबाहेर गेलेले असू शकते, म्हणून हिशोब दोन्ही क्षणांसाठी करावा लागतो. प्रत्येक विमानाचे प्रत्यक्ष वजन वेगळे असते. माहितीपत्रकावर विसंबू नये आणि त्याच विमानाचा अद्ययावत वजनाचा कागद मागावा.

कोणते विमान घ्यावे?

चाकांची यंत्रणा सांभाळायची नसेल तर सेस्ना १८२ सारखे गुणी विमान नाही. वेग १४० नॉटच्या आसपास, पण ओझे वाहण्यात ते खंबीर आहे. कमी पेट्रोलमध्ये वेग हवा असेल तर मूनी घ्यावे, मात्र त्याच्या पंखातील टाक्या जुन्या झाल्या की सीलंट सुटून गळू लागतात आणि ते काम खर्चाचे असते. सिरस एसआर२२ हे त्यांतील सर्वांत आधुनिक आहे. प्लास्टिकसदृश संमिश्र द्रव्याचा सांगाडा, ३१० अश्वशक्ती, पक्की चाके असूनही १८० नॉटचा वेग आणि अख्ख्या विमानाला खाली आणणारे पॅराशूट, अशी त्याची ख्याती आहे. ते पॅराशूट दर दहा वर्षांनी बदलून नव्याने भरावे लागते आणि त्याचा खर्च पंधरा हजार डॉलरांच्या पुढे जातो, म्हणून नऊ वर्षे जुने पॅराशूट असलेले सिरस स्वस्त दिसले तर त्याचे कारण तेथे शोधावे.

सेस्ना २१० विषयी थोडे सविस्तर लिहितो. १९६७ पासूनच्या आवृत्तीत पंखाला खालून आधार देणारा दांडा नाही. दोन्ही पंखांचा सगळा भार छतातून आडव्या जाणाऱ्या एका तुळईवर असतो. मे २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात माउंट आयसाजवळ अशा एका विमानाचा उजवा पंख उडताना तुटला. त्या तुळईला तडा गेला होता. त्यानंतर २०२० साली एफएएने तिच्या तपासणीचा सक्तीचा आदेश काढला. अशा आदेशाला ‘एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह’, थोडक्यात एडी म्हणतात. विमान कितीही देखणे असले तरी त्याला लागू असलेल्या प्रत्येक एडीचे पालन केव्हा आणि कोणी केले याची यादी हातात आल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत.

जुन्या व्ही आकाराच्या शेपटीच्या बोनान्झा स्वस्त मिळतात आणि दिसतातही सुंदर. मात्र त्यांच्या शेपटीच्या हलणाऱ्या भागांचे पत्रे मॅग्नेशियमचे असतात, ते गंजतात आणि नवे मिळणे अवघड झाले आहे. एका पत्र्यासाठी विमान महिनोन्‌महिने जमिनीवर उभे राहू शकते, ही गोष्ट किमतीत धरावी.

कमी उडालेले विमान अधिक चांगले नाही का?

मोटार घेताना आपण कमी किलोमीटर चाललेली शोधतो. विमानाच्या बाबतीत ही सवय घातक आहे. ‘ओव्हरहॉलनंतर’, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नवे केल्यानंतर, ‘फक्त ३०० तास’ ही जाहिरात आकर्षक वाटते. पण ते ओव्हरहॉल पंधरा वर्षांपूर्वी झाले असेल तर इंजिन वर्षाला वीसच तास फिरले आहे. इंजिन चालताना त्याच्या आत पाण्याची वाफ तयार होते. दीर्घ उड्डाणात तेल तापून ती निघून जाते, आणि विमान उभे राहिले की ती आतल्या पोलादावर बसते. लायकॉमिंग इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. इंजिन थांबल्यावर त्यावरचे तेल ओघळून खाली जाते आणि तो उघडा पडतो. मग गंजाचे बारीक खड्डे पडतात, पुढे त्यांचा कीस तेलात उतरतो. पावसाळ्यात चार-पाच महिने बंद राहिलेल्या विहिरीवरच्या इंजिनाची काय अवस्था होते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. समुद्रकाठच्या विमानतळावर उघड्यावर उभ्या विमानात हे अधिक वेगाने घडते. दरवर्षी शंभर तास उडालेले, कोरड्या प्रदेशात हँगरमध्ये राहिलेले आणि ओव्हरहॉलला हजार तास झालेले इंजिन मी डोळे झाकून आधी निवडेन.

मग टीबीओचे काय?

टीबीओ म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नवे करण्याआधी उत्पादकाने सुचवलेला काळ. बोनान्झाच्या मोठ्या कॉन्टिनेंटल इंजिनासाठी तो परंपरेने १,७०० तास, १७२ च्या लायकॉमिंगसाठी २,००० तास, आणि दोन्हींसाठी बारा वर्षे असा सांगितला जातो. खासगी मालकासाठी अमेरिकेत ही शिफारस आहे, सक्ती नाही. आकडा उलटला म्हणून इंजिन त्या रात्री संपत नाही, आणि आकडा गाठला नाही म्हणून ते सुरक्षितही ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी ब्रिटनच्या पाणबुडीविरोधी विमानांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ठरलेल्या वेळी देखभाल झाल्यानंतर लगेचच बिघाड वाढलेले त्यांना आढळले. चांगले चाललेले यंत्र उगाच उघडल्याने नवे दोष शिरत होते.

म्हणून तासांपेक्षा प्रकृती पाहावी. सिलिंडरमध्ये दुर्बीण घालून झडपांचे फोटो घ्यावेत, दाबाची चाचणी करावी, तेल प्रयोगशाळेत पाठवून त्यातील धातू मोजून घ्यावेत आणि तेलाची गाळणी कापून पाहावी. तरीही ओव्हरहॉलचा खर्च एक दिवस येणारच आहे. मोठ्या कॉन्टिनेंटलसाठी तो आज ५० हजार डॉलरांच्या सहज पुढे जातो, म्हणजे १,७०० तासांवर वाटला तर प्रत्येक तासाला ३० डॉलर पहिल्या दिवसापासून बाजूला पडले पाहिजेत.

विमानाचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा काढतो, फेरफार पाहतो, बोजा आहे का ते तपासतो. विमानाचा सातबारा ओक्लाहोमा सिटीला एफएएच्या नोंदणी कार्यालयात असतो. मालक कोण, पूर्वी कोण होते, बँकेचे कर्ज चढलेले आहे का, हे तेथून कळते. दुसरा कागद म्हणजे लॉगबुके, अर्थात दुरुस्त्यांच्या नोंदवह्या, आणि ती पहिल्या दिवसापासूनची सलग हवीत. मधला खंड हरवला असेल तर त्यात काय दडले आहे ते कोणीच सांगू शकत नाही, आणि पुढे आपल्याकडून विकत घेणाराही हेच म्हणेल. लॉगबुकात पंख किंवा प्रोपेलर दुरुस्तीची नोंद दिसली की थांबावे. प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर इंजिन खोलून पाहिले होते का, हे विचारावे.

खरेदीपूर्व तपासणीला कायद्यात व्याख्या नाही, त्यामुळे ती किती खोल करायची हे खरेदीदाराने लेखी ठरवावे. ती विक्रेत्याच्या नेहमीच्या तंत्रज्ञाकडून करून घेऊ नये. तो प्रामाणिक असला तरी स्वतःच्याच कामाची परीक्षा त्याला घ्यावी लागते. त्या प्रकारच्या विमानांवर वर्षानुवर्षे काम केलेला माणूस दुसऱ्या राज्यातून बोलवावा लागला तरी तो खर्च वाया जात नाही. आधी गंज, मग इंजिन, मग बाकीचे, हा क्रम ठेवावा. पंखाच्या तुळईत गंज दिसला तर पुढे एक डॉलरही खर्च न करता परत फिरता येते.

एवढ्या खर्चात भाड्याचे विमान काय वाईट?

अनेकांसाठी तेच योग्य आहे. हँगर, विमा आणि वार्षिक तपासणी यांवर वर्षाला १५ हजार डॉलर जातात असे समजा. वर्षाला ५० तास उडणाऱ्याला हा खर्च तासाला ३०० डॉलर पडतो, १५० तास उडणाऱ्याला १००. पेट्रोल आणि इंजिनाची शिल्लक त्याच्या वर. अडचण अशी की चाके आत घेणारी वेगवान विमाने भाड्याने फारशी मिळत नाहीत, कारण विमा कंपन्या ती अनोळखी हातांत द्यायला तयार नसतात. यावर दोन-तीन जणांची भागीदारी हा चांगला उपाय आहे. त्याने विमान अधिक उडते आणि इंजिनाचेही भले होते. मात्र कोणाला केव्हा विमान मिळणार, मोठा खर्च आला तर वाटणी कशी आणि एकाला बाहेर पडायचे असेल तर हिस्सा कोणत्या भावाने, हे मैत्री ताजी असतानाच कागदावर लिहून घ्यावे.

पेट्रोलचा प्रश्नही सध्या बदलत आहे. ही इंजिने १०० ऑक्टेनच्या शिसेयुक्त पेट्रोलवर चालतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने हे शिसे आरोग्याला घातक असल्याचा औपचारिक निष्कर्ष काढला आणि २०३० अखेर ते बंद करण्याच्या दिशेने पावले पडत आहेत. कमी ताकदीची जुनी इंजिने कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर भागवू शकतील. मोठ्या इंजिनांना बिनशिशाचे १०० ऑक्टेनच लागेल. तसे एक पेट्रोल २०२२ मध्ये मंजूर झाले आहे, पण ते टाकीच्या सीलंटला आणि रंगाला मानवते का यावर वाद चालू आहे. भारतात तर हे विमानी पेट्रोल २०२२ पर्यंत आयातच होत असे; त्या वर्षी इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याला बनवायला सुरुवात केली.

वैमानिकाचे काय?

व्ही शेपटीच्या बोनान्झाला अमेरिकेत ‘डॉक्टरांचा कर्दनकाळ’ अशा अर्थाचे नाव पडले. आपल्या व्यवसायात निपुण असलेली, पैसा हाती आलेली पण हवेत कमी तास झालेली माणसे ते विमान घेत आणि ढगांत सापडत. ढगात क्षितिज दिसत नाही, कान आणि शरीर खोटे सांगतात, एक पंख नकळत झुकतो आणि नाक खाली जाते. १७२ मध्ये हवेचा विरोध वेगाला काहीसा आवरून धरतो. बोनान्झा निसटती असल्याने काही सेकंदांत तिचा वेग लाल रेषेपलीकडे जातो, घाबरलेला वैमानिक नियंत्रणाचा दांडा जोरात ओढतो आणि सांगाड्यावर असह्य भार येतो. शेपटी पुढे मजबूत करण्यात आली, परंतु मुळातील कारण माणसाच्या सरावात होते.

उतरतानाही हाच गुण आड येतो. १७२ चे नाक खाली केले तरी वेग फारसा वाढत नाही. बोनान्झात खाली येणे आणि वेग कमी करणे एकाच वेळी जमत नाही, म्हणून उतरण्याचा विचार पंचवीस-तीस मैल आधी सुरू करावा लागतो. १९८४ पूर्वीच्या बोनान्झात चाकांचा खटका आणि फ्लॅपचा खटका इतर विमानांच्या उलट जागी आहेत. उतरल्यावर फ्लॅप घ्यायला गेलेल्या हाताने चाकेच आत ओढली, असे इतके अपघात झाले की अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने १९८० साली त्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला.

पॅराशूट असलेले सिरस घेतले की हा प्रश्न सुटतो का, असे विचारले जाते. सुरुवातीच्या वर्षांत पॅराशूट न ओढताच वैमानिक जमिनीवर आदळल्याचे अपघात बरेच झाले. ते केव्हा ओढायचे याचा निर्णय आधीच करून ठेवण्याची शिकवण प्रशिक्षणात आली, त्यानंतर चित्र सुधारले.

त्यामुळे विमानाच्या किमतीतच त्या विमानाचा जाणकार प्रशिक्षक, त्याच्याबरोबरचे पंचवीस तास आणि ढगांतून उडण्याचे प्रमाणपत्र यांचा खर्च धरावा. विमा कंपनी कमी तासांवर तयार झाली तरी तो कमी करू नये. आणि एक तयारी खरेदीच्या वर्षभर आधी, फुकटात करता येते. उतरण्याआधी पेट्रोल, चाके, मिश्रण, प्रोपेलर, खटके असा क्रम अमेरिकी वैमानिक पुटपुटतात. आपल्या जुन्या १७२ ची चाके कायमची खालीच असली तरी प्रत्येक वेळी ‘चाके’ म्हणताना खिडकीतून वाकून त्यांच्याकडे पाहावे, म्हणजे ज्या दिवशी ती खरोखर वर असतील त्या दिवशी नजर आपोआप तिकडे जाईल.